उणिवेवर नेम : नेमबाजीच्या सरावाचा आढावा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या नेमबाजी स्पर्धेत, शातोरूच्या रेंजवर, स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. स्वप्नीलचे गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. हा तालुका म्हणजे आपल्या फोंडाघाटाच्या वरचे अंग. दवाखाना, कॉलेज, बाजार अशा कामांना सिंधुदुर्गातली माणसे घाट चढून कोल्हापूरला जातात. त्यामुळे या पदकाची बातमी तळकोकणात शेजारघरच्या आनंदासारखी आली. मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या पालकांच्या तोंडी नेमबाजीचे नाव येऊ लागले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रोज किती तास सराव करायला हवा?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. नेमबाजीत तासांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व आहे ते त्या तासांत कशाचा सराव होतो याला. रेंजवर येऊन साठ शॉट मारायचे, बेरीज करायची, बरी आली तर खूश व्हायचे, वाईट आली तर रायफलला दोष द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असे वर्षभर चालवले तरी खेळाडू फारसा पुढे सरकत नाही. ते पाट्या टाकणे झाले. पुढे जाणारा खेळाडू आपल्या खेळातली नेमकी उणीव शोधतो, तिच्यावर वेगळे काम करतो आणि ती भरून निघाली की नाही हे मॅचमध्ये तपासतो. ही पद्धत कुठून आली, तिला आधार काय, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती कशी राबवता येईल, याचा हा आढावा आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

उणीव एवढी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी खेळाची मापे पाहावी लागतात. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छऱ्र्याचा, म्हणजे पेलेटचा, व्यास ४.५ मिलिमीटर. ठिपक्यापेक्षा छर्रा नऊपट मोठा. ५० मीटर रायफलमध्ये दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे. एअर पिस्तूलमध्ये ते ११.५ मिलिमीटरचे असते, पण तिथे शस्त्र एका हातात धरायचे असते. २०१३ पासून एअर रायफलची प्राथमिक फेरीही दशांशात मोजली जाते. प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण, साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटे. पूर्वी १०.१ आणि १०.८ दोन्ही शॉट 'दहा'च होते. आता दोघांतले सात दशांश उघडे पडतात.

अंतिम फेरीही २०१३ पासून शून्यातून सुरू होते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने ७००.५ गुणांनी सुवर्ण जिंकले तेव्हा प्राथमिक फेरीचे ५९६ गुण त्याच्या गाठीशी होते. ती पुंजी आता मिळत नाही. प्राथमिक फेरीत जी उणीव पाचपंचवीस चांगल्या शॉटांच्या आड लपते, ती अंतिम फेरीत एका शॉटमध्ये खेळाडूला बाहेर काढते.

महाराष्ट्राने घडवलेली परंपरा

उणीव हेरून ती भरून काढण्याच्या बाबतीत आपल्याला दूर पाहायची गरज नाही. संजय चक्रवर्ती या प्रशिक्षकांच्या हाताखाली मुंबईत अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे ही पिढी घडली. अंजलीची सुरुवात कॉलेजातल्या एनसीसीतून झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. सुमाने २००४ मध्ये एअर रायफलच्या प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी साधली. दीपाली त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकला खेळली आणि पुढे स्वप्नीलची मार्गदर्शक झाली. खेळाडू पुढे प्रशिक्षक होतो आणि आपल्या काळात नडलेली गोष्ट पुढच्या पिढीला आधी सांगतो, हे महाराष्ट्राच्या नेमबाजीचे मोठे बळ आहे.

कोल्हापूरची परंपरा याच तोडीची. तेजस्विनी सावंतने २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकले, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून ती विश्वविजेती झाली. प्रोन म्हणजे पालथे झोपून केलेली नेमबाजी. तीन पवित्र्यांतला सर्वांत स्थिर पवित्रा. पण तेजस्विनी तिथे थांबली नाही. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला तिने थ्री पोझिशनचे सुवर्ण जिंकले, म्हणजे गुडघ्यावर बसून आणि उभे राहूनही. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आपला हातखंडा असलेल्या प्रकाराबाहेर जाऊन मिळवलेले हे यश आहे. राही सरनोबतने २०१३ मध्ये चँगवॉनला २५ मीटर पिस्तूलमध्ये विश्वचषकाचे सुवर्ण मिळवले आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण. तिच्या प्रकाराचे दोन भाग असतात : एकात निवांत अचूकता, दुसऱ्यात तीन सेकंदांपुरते समोर येणारे लक्ष्य. दोन भागांचे गुण वेगळे दिसतात, त्यामुळे कच्ची बाजू कोणती हे गुणच सांगतात.

स्वप्नीलचे आकडे या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पॅरिसच्या प्राथमिक फेरीत त्याने नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) १९८, प्रोनमध्ये १९७ आणि स्टँडिंगमध्ये (उभ्याने) १९५ असे ५९० गुण मिळवले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला. तिथे नीलिंगच्या पंधरा शॉटांत १५३.३, प्रोनच्या पंधरांत १५६.८ आणि स्टँडिंगच्या चौदांत १४१.३, एकूण ४५१.४. म्हणजे शॉटमागे सरासरी अनुक्रमे १०.२२, १०.४५ आणि १०.०९. वरवर पाहणारा म्हणेल, स्टँडिंग कच्चे आहे. पण स्टँडिंग जगातल्या बहुतेक नेमबाजांचे सर्वांत कमी गुणांचे असते. उभ्या शरीराचा तोल तिथे कसाला लागतो. म्हणून आपल्याच तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे उणीव, हा हिशेब चुकीचा ठरतो. त्या पवित्र्यात त्या पातळीवर जे गुण मिळू शकतात, त्यांच्यापासून आपण किती दूर आहोत, ते अंतर म्हणजे उणीव. त्या मापाने पाहिले तर प्राथमिक फेरीतले प्रोनचे १९७ हेही विचार करायला लावतात, कारण प्रोनमध्ये गुण नीलिंगपेक्षा जास्त येणे अपेक्षित असते.

याच स्वप्नीलने आदल्या वर्षी हँगचौच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवले होते. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र स्टँडिंगमध्ये सातच्या वर्तुळात गेलेल्या एका शॉटने त्याला चौथ्या क्रमांकावर ढकलले. वर्षभरात तोच खेळाडू त्याच प्रकारात ऑलिम्पिकच्या व्यासपीठावर उभा राहिला.

शास्त्र काय सांगते

हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली ती अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी, १९९३ मध्ये. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून त्यांनी मांडले, की वरच्या दर्जाचे वादक नुसते जास्त वाजवत नाहीत. जे येत नाही ते सुटे काढून, लक्ष एकवटून, चूक लगेच कळेल अशा रीतीने वाजवतात. आपल्याकडच्या डबलबारीच्या भजनातला पखवाजवादक हेच करतो. संपूर्ण गजर दहादा वाजवण्यापेक्षा जो बोल अडखळतो तेवढाच काढून तो घोटत बसतो. पुढे या संशोधनाचे 'दहा हजार तास' असे सोपे सूत्र लोकप्रिय झाले आणि मूळ मुद्दा मागे पडला.

या मताला पुरवणीही जोडायला हवी. २०१४ मध्ये मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ओस्वाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. खेळांमध्ये खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरकाचा उलगडा अशा सरावाने होतो, असे त्यांना आढळले. बाकीचे शरीर, वय, संधी, प्रशिक्षक, स्वभाव अशा गोष्टींत विभागलेले. म्हणजे सराव सर्वशक्तिमान नाही. पण या सगळ्यांत जी गोष्ट खेळाडूच्या स्वतःच्या हातात सर्वांत जास्त आहे, ती हीच.

दुसरा एक जुना निष्कर्ष रेंजवर फार उपयोगी पडतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी दाखवले, की एकच हालचाल सलग घोटली तर त्या वेळी ती छान जमते. हालचाली आलटूनपालटून केल्या तर सरावात त्रास होतो, पण नंतर त्या अधिक टिकतात. उणीव प्रथम सुटी करून घोटावी, मग ती पूर्ण शॉटमध्ये आणि बदलत्या परिस्थितीत मिसळावी, असा अर्थ मी त्यातून काढतो. सरावाच्या दिवशी गुण घसरले म्हणून घाबरायचे कारण नाही.

नेमबाजीपुरते बोलायचे तर फिनलंडच्या संशोधकांनी एअर रायफलच्या कामगिरीचे चार घटक वेगळे केले आहेत : रायफल किती स्थिर राहते, नेम मध्याच्या किती जवळ आहे, ट्रिगर किती स्वच्छ दाबला जातो आणि शॉट सुटण्याची वेळ. प्रशिक्षकांच्या अनुभवातली विभागणीही जवळपास हीच आहे. उणीव शोधायची ती या चार घरांत.

कार्ड वाचायला शिकणे

बेरीज सगळे पाहतात. कार्ड, म्हणजे छिद्रे पडलेले लक्ष्य, थोडे वाचतात. दहा शॉटांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, लहान आहे पण मध्यापासून बाजूला आहे, तर खेळाडूत दोष नाही; साइटचे क्लिक फिरवायचे आणि पुढे जायचे. ग्रुप उभा लांबला असेल तर श्वास तपासावा : प्रत्येक शॉटला श्वास त्याच पातळीवर थांबतो का, गाल स्टॉकवर त्याच जागी टेकतो का. ग्रुप आडवा पसरला असेल तर पावलांची जागा, तोल आणि ट्रिगरवरचे बोट पाहावे. पहिले पाच शॉट एका जागी आणि पुढचे पाच हळूहळू एका बाजूला सरकत गेले असतील, तर पवित्रा सैलावतो आहे. नऊ शॉट नेटके आणि एकच लांब गेलेला असेल, तर तो शॉट सोडायलाच नको होता. रायफल खाली घ्यायला हवी होती.

एक कार्ड पुरावा होत नाही. किमान चार-पाच दिवसांची कार्डे शेजारी मांडावी लागतात. समजा, कुडाळच्या एखाद्या शाळकरी नेमबाजाच्या दहा-दहा शॉटांच्या सहा सिरीज अशा आहेत : १०१.२, १००.८, १०१.५, ९९.१, ९८.४, १००.६. एकूण ६०१.६. प्रत्येक दिवशी चौथी आणि पाचवी सिरीज अशीच खचत असेल, तर याला नेम धरता येत नाही असे म्हणणे अन्याय आहे. पहिल्या तीस शॉटांत तो उत्तम नेम धरतो. चाळिशीच्या आसपास त्याची कंबर थकते, जॅकेटच्या आत घाम साचतो, घड्याळाकडे लक्ष जाते आणि शॉट लवकर सुटू लागतात. शेवटच्या सिरीजमध्ये सुटकेच्या भावनेने तो पुन्हा सावरतो. या मुलाला आणखी हजार छर्रे देऊन उपयोग नाही. त्याला पाठ-पोटाचे व्यायाम, तिसाव्या शॉटनंतर दोन मिनिटे बसण्याची शिस्त आणि सुरुवातीचे तीस शॉट वगळून थकलेल्या शरीरानेच शेवटचे तीस शॉट मारण्याचा सराव हवा. त्या दोन सिरीज १००.८ पर्यंत आल्या तर एकूण ६०५.७ होते. चार गुणांचा हा फरक शालेय स्पर्धेत निवड होणे आणि न होणे यांमधला असू शकतो.

उणीव ओळखायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे 'शॉट सांगणे'. शॉट सुटल्यावर मॉनिटर किंवा कार्ड पाहण्याआधी खेळाडूने मोठ्याने म्हणायचे : 'नऊ पॉइंट आठ, दोन वाजता', म्हणजे घड्याळात दोनचा आकडा असतो त्या बाजूला, उजवीकडे वर. मग पाहायचे. सांगितलेले आणि झालेले जुळत असेल, तर डोळा जागा आहे आणि दोष त्याने पाहिलेल्या गोष्टीतच आहे. तो दहा म्हणतो आणि कार्ड नऊ दाखवते असे वारंवार झाले, तर ट्रिगर दाबतानाच्या धक्क्याकडे, शॉटनंतर लगेच डोके उचलण्याच्या सवयीकडे किंवा साधनातल्या बिघाडाकडे वळायचे. बॅरलची हालचाल पडद्यावर रेखाटणारे स्कॅटसारखे यंत्र हेच काम अधिक सूक्ष्मपणे करते. ते नसले तरी तोंड आणि वही असतेच.

उणिवेनुसार औषध

उणीव सापडली की तिचा सराव वेगळा लागतो. होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणे, कच्चा असेल तर शॉट न मारता पांढऱ्या भिंतीवर वीस-तीस सेकंद रायफल स्थिर धरण्याच्या फेऱ्या. ट्रिगर कच्चा असेल तर लक्ष्याऐवजी कोऱ्या कार्डावर शॉट, म्हणजे गुणांची ओढ नाहीशी होते आणि लक्ष फक्त बोटावर राहते. पवित्रा कच्चा असेल तर नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट बाजूला सरकली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाऊल हलवायचे. शॉटनंतर डोके उचलण्याची सवय असेल तर शॉट सुटल्यावर मनात 'एक, दोन' मोजून मगच रायफल उतरवायची.

रिकाम्या रायफलने घरी केलेला ड्राय फायरचा सराव या सगळ्यात मोलाचा आहे. त्याला छर्रा लागत नाही, रेंज लागत नाही. पण रायफल त्यासाठी बनवलेली असावी, ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, नळीचे तोंड माणसाच्या दिशेने कधीही नसावे आणि लहान मुलांसाठी घरातले मोठे माणूस जवळ असावे. सुरक्षिततेत उणीव चालत नाही. ती भरल्याशिवाय पुढचा कोणताही सराव सुरू करू नये.

काही उणिवा तंत्राच्या नसतात, क्रमाच्या असतात. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स २००४ च्या अथेन्समध्ये थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आघाडीवर होता. शेवटचा शॉट त्याने मारला, पण शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर. गुण शून्य, क्रमांक आठवा. लक्ष्याचा क्रमांक पाहण्याची एक पायरी राहिली होती. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याचाच शेवटचा शॉट ४.४ चा गेला आणि सुवर्ण हातचे निसटले. जगातल्या उत्तम नेमबाजांपैकी एकाच्या बाबतीत हे घडले. म्हणून शॉटची प्रत्येक पायरी, उभे राहण्यापासून रायफल उतरवेपर्यंत, लिहून काढून पाठ झालेली असावी.

दबावाची उणीव दबावातच भरून निघते. अलीकडच्या दहा मीटरच्या अंतिम फेरीत पाच शॉटांसाठी २५० सेकंद आणि नंतर एकेका शॉटला ५० सेकंद मिळतात. मागे प्रेक्षक बोलत असतात, गाणी वाजत असतात. रेंजवर महिन्यातून एकदा मित्र, पालक बोलावून, मोबाइलवर वेळ लावून, खेळाडूला एकेक करून बाद करत अशी फेरी घ्यायला एक पैसाही लागत नाही. अभिनव बिंद्राने अथेन्सच्या अंतिम फेरीत पायाखालची फरशी ढिली असल्याचे पुढे आत्मकथनात लिहिले. त्यानंतर प्रतिकूल परिस्थितीची तयारी हा त्याच्या सरावाचा भाग झाला. बीजिंगच्या अंतिम फेरीआधी त्याच्या रायफलची साइट हललेली निघाली. तो गडबडला नाही, तिथेच ती पुन्हा लावून घेतली आणि शेवटचा शॉट १०.८ चा मारला.

दुसरी बाजू

उणिवेवर भर देण्याला विरोधही आहे आणि तो विचारी माणसांचा आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचे सुवर्ण जिंकणारा लॅनी बॅशम पुढे मनाच्या तयारीचा प्रशिक्षक झाला. त्याचे म्हणणे असे, की खेळाडू ज्याचा विचार करतो, बोलतो आणि लिहितो, तेच त्याच्यात मुरते. डायरीत चुकांची जंत्री लिहीत बसलात तर चुकाच पक्क्या होतील. जमलेले काय आणि उपाय काय, तेवढेच लिहा.

यात मोठे तथ्य आहे. 'तू ट्रिगर ओढतोस, ओढतोस' असे रोज ऐकणारा मुलगा ट्रिगरला घाबरू लागतो. म्हणून उणीव शोधताना भाषा उपायाची ठेवावी. 'ट्रिगर ओढू नको' म्हणण्याऐवजी 'बोट सरळ मागे' एवढेच सांगावे. वहीतही दोषाच्या शेजारी उपाय आणि त्या दिवशी जमलेला एक उत्तम शॉट लिहावा. इतके सांभाळले तर बॅशमचे मत आणि उणिवेचा सराव यांत भांडण राहत नाही.

आणखी तीन मर्यादा पाळाव्या लागतात. एक, अगदी नवशिक्याला उणीव निवडण्यात अर्थ नसतो; त्याचे सगळेच कच्चे असते, त्याने पहिले काही महिने पाया पक्का करावा. दोन, एका वेळी एकच उणीव. श्वास, ट्रिगर आणि पावले एकाच आठवड्यात बदलली तर सुधारणा कशामुळे झाली आणि बिघाड कशामुळे, काहीच कळत नाही. तीन, स्पर्धेच्या दोन आठवडे आधी दुरुस्ती थांबवावी. तेव्हा जे आहे त्यावर विश्वास ठेवून पूर्ण शॉट खेळायचा. मॅचच्या आदल्या दिवशी पवित्रा बदलणारा खेळाडू स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतो.

साधन बदलून उणीव झाकण्याचा मोह पालकांना फार होतो. गुण अडकले की परदेशी बनावटीची महाग रायफल घेण्याचा आग्रह सुरू होतो. रायफल खेळाडूच्या मापाला बसत नसेल तर बदलावीच. पण आधी बट, गालाचा आधार आणि साइटची उंची त्याच्या शरीराला जुळवून पाहावी. बहुतेक वेळा काम तिथेच होते.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

तळकोकणाला बंदूक नवी नाही. रानडुक्कर, माकडे आणि गवे यांच्यापासून शेती-बागायत राखण्यासाठी इथे शेतीसंरक्षणाचे परवाने अनेकांकडे आहेत आणि निवडणूक आली की त्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात, हे गावागावाला ठाऊक आहे. पण रानात धरलेला नेम आणि रेंजवरची साठ शॉटांची शिस्त या वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाची खरी वाट इथे शाळा-कॉलेजांच्या एनसीसीतून आणि दहा मीटरच्या छोट्या रेंजमधून जाते. एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफलवर झोपून मारलेले पाच शॉट हा अनेक मुलांचा पहिला अनुभव. अंजली भागवतही त्याच दारातून आत आली होती.

अडचणी उघड आहेत. देवगडच्या किंवा दोडामार्गच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा रेंज मिळाली तरी पुष्कळ. पाचशे छऱ्र्यांचा डबा साठ शॉटांच्या आठ सत्रांत संपतो. ५० मीटरचा सराव करायचा तर घाट चढून कोल्हापूरला किंवा पुण्याला बालेवाडीला जावे लागते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागदी लक्ष्य मऊ पडते, छिद्राच्या कडा फाटतात आणि गुण मोजताना वाद होतात. खाऱ्या हवेने बॅरल आणि साइटचे स्क्रू गंजतात. वीज गेली की प्रकाश बदलतो, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य बंद पडते. आणि शालेय स्पर्धांमध्ये सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे जिल्ह्यातून निवडून गेलेल्या मुलाची गाठ पुढच्याच पायरीवर कोल्हापूरच्या मुलांशी पडते, ज्यांच्या मागे तेजस्विनी-राहीची परंपरा उभी आहे.

तासांच्या शर्यतीत आपली मुले त्यांना गाठू शकणार नाहीत. म्हणूनच आपल्याला उणिवेवर केंद्रित सराव इतरांपेक्षा जास्त गरजेचा आहे. ज्याच्याकडे छर्रे कमी, त्याचा प्रत्येक छर्रा कामाचा असला पाहिजे. आठवड्यात तीन सत्रे मिळत असतील तर माझ्या मते वाटणी अशी असावी : पहिल्या सत्रात निवडलेल्या एकाच उणिवेवर तीस-चाळीस शॉट, गुण न मोजता. दुसऱ्या सत्रात तीच उणीव लक्षात ठेवून पूर्ण शॉट, प्रत्येक शॉट सांगून. तिसऱ्या सत्रात घड्याळ लावून पूर्ण साठ शॉटांची मॅच, आणि मग अर्धा तास कार्ड व वही. मधल्या दिवशी घरी वीस मिनिटे होल्ड आणि ड्राय फायर. उणीव बदलायची ती चार ते सहा आठवड्यांनी, तिसऱ्या सत्रांची कार्डे पाहून. अडचणींचाही उपयोग करून घ्यावा. दमट उकाड्यात जॅकेट घालून साठ शॉट पुरे करणाऱ्या मुलाला बालेवाडीच्या रेंजवर हवा हलकी वाटेल.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधून भारतीय नेमबाज रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा राष्ट्रीय रायफल संघटनेने अभिनव बिंद्राच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आपल्या व्यवस्थेच्या उणिवा तपासून घेतल्या. टोकियोतही पदक आले नाही. पॅरिसमध्ये तीन आली, त्यातले एक राधानगरीच्या मुलाचे. उणीव मान्य केली म्हणून लगेच यश येते असे नाही. पण मान्य केल्याशिवाय कामाला सुरुवातच होत नाही. खेळाडूला जे लागू, तेच संस्थेला आणि जिल्ह्याला.

जिल्हा क्रीडा कार्यालय, एनसीसीचे अधिकारी, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि रेंज चालवणारे प्रशिक्षक यांना म्हणून विनंती आहे. नव्या रायफलींची मागणी जरूर करा, पण त्याआधी प्रत्येक नेमबाजाच्या हाती एक वही द्या. महिन्यातून एक मॅच घ्या आणि तिची कार्डे जपून ठेवा. वर्षातून दोनदा कोल्हापूर-पुण्याचा अनुभवी प्रशिक्षक बोलावून ती कार्डे त्याच्यापुढे मांडा. आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी रेंजवरून घरी आली की 'आज किती झाले?' असे विचारू नका. 'आज कशावर काम केलेस?' असे विचारा. या प्रश्नाला नेमके उत्तर देणारी मुले जिल्ह्यात तयार झाली, की विभागाची पायरी ओलांडणे अवघड राहणार नाही.